दुसरी खूण

“मी तुझ्या भावाला चोर म्हटलं का? नाही म्हटलं. मी एवढंच म्हणतोय की आज पुरावा बाहेर निघेल, आणि तो निघताना तू इथे उभी असायला हवीस.”

“चार वर्षं तुम्ही दुसरं काय म्हणताय?”

“चार वर्षं मी गप्प आहे.”

“तेच तर म्हणतेय मी.”

रविवारची सकाळ होती. हे भांडण शनिवारी संध्याकाळी सुरू झालं होतं आणि मधे फक्त जेवणापुरतं आणि झोपेपुरतं थांबलं होतं. काटेसाहेब पायरीवर बसून जुन्या बुटांच्या नाड्या बांधत होते. त्यांची बायको ओले हात तसेच धरून दारात उभी होती. समोर, घराची भिंत आणि कुंपण यांच्यामधल्या सिमेंटच्या पट्टीवर, त्यांची एकोणीस वर्षांची गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी होती. मागच्या चाकांना विटा लावलेल्या. पुढ्यात एक जुनी चादर अंथरलेली आणि तिच्यावर सगळे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेले.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापं तपासण्याच्या खात्यात होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानांतले, गोदामांतले, बाजारातले काटे तपासले. खरे होते त्यांना सील लावलं, खोटे होते ते जप्त केले. गल्लीने त्यांना हे नाव दिलं ते निवृत्तीनंतरही काढून घेतलं नाही, आणि बायको मग ओघानेच काटेबाई झाली. नोकरीत त्यांनी कुणाचा कपभर चहा घेतला नाही आणि नोकरीबाहेर कुणाच्या शब्दावर पावशेर विश्वास ठेवला नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला त्यांना पाहिलं की स्वतःच काट्यापासून बाजूला व्हायचा. “साहेब, तुम्हीच तोला, मी तेवढ्यात पाणी पिऊन येतो.” मुलगी झाली तेव्हा दवाखान्याने लिहून दिलेलं तिचं वजन त्यांनी घरी आल्यावर पुन्हा करून पाहिलं. चाळीस ग्रॅमचा फरक निघाला. बाळ बायकोच्या हातात देऊन ते तसेच दवाखान्यात परत गेले, तुमचा काटा चुकतोय हे सांगायला. काटा खरोखरच चुकत होता. काटेबाईंच्या मते सगळं तिथेच बिघडलं. दर वेळी त्यांचा संशय खोटा ठरला असता तर ही खोड कधीच मोडली असती. पण दहातल्या सात वेळा तो खरा निघायचा.

घरातली कुठलीही वस्तू दुरुस्तीला जाण्याआधी तिच्यावर खूण व्हायची. पंखा असो, मिक्सर असो, शिलाईचं यंत्र असो. लोखंडी टोचा आणि हातोडी घेऊन काटेसाहेब तीन बारीक ठिपके मारायचे, त्रिकोणात. आणि खूण एक नसायची, दोन असायच्या: एक सहज दिसेल अशी, दुसरी दडवलेली. दिसणारी खूण लबाड माणूसही सांभाळून ठेवतो. दडवलेली असते हे त्याला माहीतच नसतं. दोन्ही पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे वाक्य त्यांनी हाताखालच्या किती जणांना ऐकवलं असेल याची गणती नव्हती. घरातल्या दोघींना ते पाठ होतं.

चार वर्षांपूर्वी गाडीचे पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर गेले. मोठ्या स्प्रिंगच्या आत बसवलेली ती तेलाची नळकांडी. ती गेली की खड्ड्यातून निघालेली गाडी पुढचं अर्धं मिनिट डुलत राहते. काटेबाईंचा धाकटा भाऊ गॅरेज चालवायचा, गाडी त्याच्याकडे गेली. खुणा करूनच गेली. “मी मेहुण्यावर संशय घेत नाही, गॅरेजवर घेतो,” असं काटेसाहेब तेव्हा म्हणाले होते. तीन आठवडे गाडी शांत चालली. मग पुढून ठक ठक सुरू झालं. त्यांनी बॉनेट उघडलं. शॉकॲब्सॉर्बरचं डोकं बॉनेटखालच्या गोल भोकातून दिसतं. तिथे टॉर्च मारला, आणि चकतीवर तीन ठिपके चमकले. त्रिकोणात.

त्यांनी बायकोला हाक मारली. टॉर्च तिच्या हातात दिला. “बघ.”

तिने पाहिलं होतं.

त्याच दिवशी ते गॅरेजात गेले आणि चार गिऱ्हाइकं, दोन कामगार यांच्यासमोर मेहुण्याला म्हणाले, नवे म्हणून जुनेच बसवलेस. तो फडक्याने हात पुसत राहिला. मग म्हणाला, “भावोजी, तुम्हाला तसं वाटत असेल तर तसं.” त्यापुढे एक शब्द नाही. काटेसाहेबांचा चौतीस वर्षांचा अनुभव असा होता की निर्दोष माणूस आरडाओरडा करतो, आणि गप्प बसतो तो सापडलेला असतो.

तिथे जाऊ नकोस, असं त्यांनी बायकोला कधीच सांगितलं नाही. तिचंच जायचं राहत गेलं. वहिनीचं ऑपरेशन झालं तेव्हाही तिने फोनवर चौकशी केली. भावाचा महिन्याकाठी फोन यायचा. गाडीचा विषय तो काढत नसे, ती काढत नसे, आणि मग हवापाणी झालं की दोघांजवळ बोलायला काही उरत नसे. एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. फोन ठेवला की तिला लहानपणचं काहीबाही आठवायचं. तिची नवी पेन्सिल त्याच्या दप्तरात सापडली होती आणि तो “मी नाही घेतली” म्हणाला होता, ते आठवायचं. चाळीस वर्षांत ही पेन्सिल तिला कधी आठवली नव्हती. आता दर महिन्याला आठवत होती.

आणि आज ते नळकांडं बाहेर निघणार होतं.

ठक ठक आता इतकं वाढलं होतं की गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की घरात चहा टाकता यायचा. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जायचं. चौकातल्या एका गॅरेजवाल्याने पाहून सांगितलं की दोन्ही शॉकॲब्सॉर्बर गेले. काटेसाहेबांना त्याचाही संशय आला, कारण त्याने ते खाली न वाकता सांगितलं. मग त्यांनी ठरवलं की हे काम आपण घरीच करायचं. दोन महिने वाचन केलं, चित्रं काढली, नवी जोडी आणली. खोकी उघडून आधी दोन्ही नग वजन करून पाहिले. तीन ग्रॅमचा फरक होता. तो त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिला.

“जप्तीला दोन साक्षीदार लागतात,” ते आता उठत म्हणाले. “तू आणि ती.”

ती म्हणजे मुलगी. सत्तावीस वर्षांची, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. ती मागच्या दारातून एक जड पिशवी घेऊन आली आणि तिने चादरीवर दोन लांब लोखंडी स्क्रू ठेवले, प्रत्येकाला दोन्हीकडे वाकडे हूक. स्प्रिंग दोन बाजूंनी पकडून आवळायचं साधन. ते नसेल तर दाबलेली स्प्रिंग बंदुकीसारखी सुटते. काटेसाहेबांचा बेत आधी जाड दोरीने भागवायचा होता, पण मुलीने ऐकलं नव्हतं. मैत्रिणीच्या भावाकडून आणलं, ती म्हणाली.

दोन्ही स्क्रूंच्या मुठीला दोन बोटं रुंदीची पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

काटेबाईंनी ती पट्टी पाहिली आणि दुसरीकडे पाहिलं. भाऊ आपल्या प्रत्येक हत्याराला अशी पट्टी लावायचा, शेजारच्या गॅरेजातले लोक उचलून नेतात म्हणून. पहिलं रीळ काटेबाईंनीच आणून दिलं होतं.

काटेसाहेबही पट्टीकडे बघत होते. “ही कसली?”

“पकड नीट बसावी म्हणून असेल.”

ते मुलीकडे जरुरीपेक्षा थोडं जास्त वेळ बघत राहिले. मग त्यांनी चाकाचे नट सैल करायला पाना उचलला.

डावी बाजू आधी. जॅकने गाडी उचलली, खाली लोखंडी स्टँड सरकवला, चाक काढलं. आत सगळं चिखलाने माखून वाळलेलं होतं. गंजाचं तेल मारून पाव तास वाट पाहायची होती. तेवढ्या वेळात काटेबाई घरात गेल्या, काहीही न करता ओट्याजवळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या. खालचे दोन मोठे बोल्ट सोडण्याआधी काटेसाहेबांनी त्यांची जागा खडूने आखून घेतली. मुलगी म्हणाली, ब्रेकचा पाइप आधी सोडवून वर बांधा, नाहीतर सगळा भार त्याच्यावर लोंबकळेल.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“वाचलं.”

“कुठे?”

“बाबा, बोल्ट धरा.”

घरात एक माणूस संशयी असला की बाकीचे लपवायला शिकतात, आणि लपवताना दिसले की त्याचा संशय वाढतो. या घरात हे सत्तावीस वर्षं चाललेलं होतं. काटेसाहेब पाना फिरवताना मुलीकडे बघत होते, काटेबाई पिवळ्या पट्टीकडे बघत होत्या, आणि मुलगी दोघांकडे बघत नव्हती.

शेवटी बॉनेटखालचे तीन नट निघाले आणि स्प्रिंगसकट ते नळकांडं मुलीच्या हातात उतरलं. तिने ते चादरीवर आडवं ठेवलं. काटेसाहेबांनी फडक्याने वरची चकती पुसली. पुसताना त्यांनी घाई केली नाही. मग बाजूला होऊन जागा करून दिली.

“बघ,” ते म्हणाले. आवाजही चढवला नाही. चार वर्षांपूर्वी म्हणाले होते तसंच.

तीन ठिपके होते. उन्हात टॉर्चपेक्षा जास्त स्पष्ट दिसत होते. काटेबाई पायरीवर बसल्या. त्यांना वाटलं होतं आपण रडू. पण त्यांच्या मनात फक्त पेन्सिल आली.

“आणि दुसरी?” मुलगी म्हणाली.

“कुठली दुसरी?”

“तुम्ही नेहमी दोन करता.”

काटेसाहेबांनी नळकांड्याच्या खालच्या टोकाकडे पाहिलं. दुसरी खूण खाली होती, नळकांडं ज्या जाड पट्टीने चाकाला बोल्टांनी जोडलेलं होतं तिच्या मागच्या अंगाला. चार वर्षांपूर्वी गाडीखाली पाठीवर झोपून त्यांनी ती मारली होती. ती पाहायची तर सगळं उतरवावं लागलं असतं, आणि वरची खूण हवी तशी सापडल्यावर खालची पाहावी असं त्यांना वाटलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. त्यांनी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि नळकांडं उलटं केलं. चिखलाचा थर निघाला. खाली काळा रंग. त्यांनी पुन्हा पुसलं, बोटाने चाचपलं, नखाने खरवडलं.

“घासून काढली असेल,” ते म्हणाले.

“घासली तर रंग कसा राहील?” मुलगी वाकली. “आणि बाबा, हे बघा.”

पट्टीच्या खाली कारखान्याने ठोकलेले आकडे होते. महिना आणि वर्ष. काटेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वाचलं. चार वर्षांपूर्वीचं साल. गाडी गॅरेजात गेली त्याच्या आदला महिना.

ते उठले आणि गाडीच्या उजव्या बाजूला गेले. तिकडचं काढायला दीड तास लागला. त्या दीड तासात तिघांत पाना, फडकं, धर आणि सोड यापलीकडे बोलणं झालं नाही. उजव्याचंही तेच निघालं. वर तीन ठिपके, खाली कोरा रंग, तोच महिना.

“हे वरचं वेगळं निघतं का?” काटेबाईंनी पायरीवरूनच विचारलं.

निघत होतं. मुलीने दोन्ही हूक स्प्रिंगला अडकवले आणि काटेसाहेबांनी ते पाळीपाळीने आवळत नेले, इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे. स्प्रिंग आखडली, मधला नट सुटला, आणि वरची चकती, ठिपक्यांसकट, अल्लद हातात आली. माउंटिंग म्हणतात त्याला. मधे लोखंड, भोवती रबर. रबर अर्ध्याहून जास्त फाटलेलं होतं. मुलीने ते दोन्ही हातांत धरून हलवलं. ठक. पुन्हा हलवलं. ठक ठक.

आवाज तिघांच्याही ओळखीचा होता.

काटेबाईंना एकदम गॅरेजातलं स्टूल आठवलं. त्या स्टुलावर त्या बसल्या होत्या. भाऊ गाडीखालून बाहेर येऊन म्हणाला होता, “भावोजी, वरची माउंटिंगही बदलू या, रबर चाललंय.” आणि काटेसाहेब म्हणाले होते, “आज वरचं, उद्या खालचं, परवा माझं मूत्रपिंड काढशील.” कामगार हसले होते. गिऱ्हाइकं हसली होती. त्या स्वतः हसल्या होत्या. हा विनोद काटेसाहेबांना इतका आवडला होता की पुढे आठवडाभर त्यांनी तो येईल त्याला सांगितला. विनोद त्यांच्या लक्षात राहिला होता. तो कशावरून झाला ते मात्र दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

“मूत्रपिंड,” त्या म्हणाल्या.

काटेसाहेबांनी वर पाहिलं. त्यांनाही आठवलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

त्यांनी नवी खोकी जवळ ओढली. दोन खोक्यांत दोन नळकांडी. माउंटिंग त्यांनी या वेळीही आणली नव्हती. जेवढं गेलं तेवढंच घ्यायचं, या हिशेबाने.

मुलगी घरात गेली आणि पिशवी घेऊन आली. तिने दोन नवी माउंटिंग काढून चादरीवर ठेवली, पान्यांच्या ओळीच्या शेवटी, नीट.

“मामाने दिलीत. हूकही त्याचेच आहेत. म्हणाला, भावोजी या वेळीही माउंटिंग घेणार नाहीत, आणि स्प्रिंग दोरीने बांधून तोंड फोडून घेतील.”

“हूक त्याचे आहेत ते मला पट्टी पाहूनच कळलं होतं,” काटेसाहेब म्हणाले.

“मग वापरलेत का?”

त्यांनी थोडा विचार केला. “हूक चांगले होते.”

काटेबाईंनी मुलीला विचारलं की ती मामाकडे कधीपासून जाते. पहिल्यापासून, ती म्हणाली, दर एका शनिवारआड. आईने कधी विचारलं नाही म्हणून तिने कधी सांगितलं नाही. आणि आवाज कशाचा येतो हे मामाला माहीत होतं तर तो बोलला का नाही, हे तिनेही त्याला विचारलं होतं.

“मग?”

मुलगी हूक पुसत होती. “म्हणाला, एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायला कुणीतरी विचारायला हवं होतं.” तिने दुसरा हूक उचलला. “ताईने तरी, असं म्हणाला.”

काटेबाई उठल्या आणि आत गेल्या.

काम चार वाजता संपलं. नवी नळकांडी, जुन्या स्प्रिंगा, नवी माउंटिंग. चाकं चढली, गाडी खाली आली. काटेसाहेब एकटेच गल्लीत एक फेरी मारून आले. गतिरोधकावरून दोनदा गेले. ठक नाही, डुलणं नाही. पण स्टीअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे ओढत होती. खडूच्या खुणा बिनचूक जुळवूनही चाकांची अलाइनमेंट घरी होत नाही. त्याला यंत्र लागतं.

जेवताना त्यांनी तो विषय काढला. म्हणाले, काम तसं उत्तम झालंय, अलाइनमेंट तेवढी चौकात करून आणतो, तासाभराचं काम. मुलीने भाजी वाढून घेतली. मग म्हणाले, मेहुण्याला एक फोन करायला हवा, बघू या आठवड्यात. मग म्हणाले की तसं पाहिलं तर त्यानेही तेव्हा नीट समजावून सांगायला हवं होतं. माणसाने आपली बाजू मांडली नाही तर समोरच्याने काय समजायचं?

काटेबाई जेवायला बसल्याच नव्हत्या. त्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून काहीतरी धूत होत्या. भांडी घासायच्या साबणाने, जुन्या ब्रशने. नळ बंद केला तेव्हा दोघांना दिसलं की ती जुनी माउंटिंग होती. चिखल गेला होता, तेल गेलं होतं. ठिपके लखलखीत झाले होते. त्यांनी दोन्ही फडक्याने कोरडी केली, कापडी पिशवीत घातली आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

“उद्या दहा वाजता गाडी माझ्या भावाकडे जाईल,” त्या म्हणाल्या. “ही पिशवी मी मांडीवर घेऊन बसेन. आधी मी एकटी आत जाणार, मला त्याला माझं सांगायचंय. त्यानंतर तुम्ही या. दहाला त्याच्याकडे गिऱ्हाइकं असतात. तुम्ही त्यांच्यासमोरच बोलायचं.”